रेक्कूला हाक मारणारं बटण

त्या हिवाळ्यात साइमीला नावं कशी द्यावीत हे कळलं, आणि सगळं तिथून सुरू झालं.

शाळेत प्रोग्रॅमिंगच्या तासाला बाईंनी फळ्यावर थोडंसंच लिहिलं होतं. वस्तूजवळ जे असतं, म्हणजे तिचा रंग, तिचं तापमान, ती तिची प्रॉपर्टी. तिला साधं नाव द्यावं. वस्तू जे करते ती तिची मेथड. तिच्या नावातच काम दिसलं पाहिजे: पेटव, विझव, उघड. आणि जिचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं येतं, तिचं नाव प्रश्नासारखं असावं. बास. बाकीच्या मुलांनी हे उतरवून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरूनही गेली. साइमी सोळा वर्षांची होती, आणि तिला एकदम असं वाटलं की जगात आजवर जो काही गोंधळ झालाय तो हे एवढंसं माहीत नसल्यामुळे झालाय. ती घरी आली आणि तिने फ्रिजमधल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावली. आईच्या फोनमधल्या ‘ऑफिस’, ‘ऑफिस नवीन’, ‘ऑफिस नवीन खरं’ अशा नावांच्या माणसांची नीट नावं लिहून दिली. तिची आई कात्री विमा कंपनीत होती, दिवसभर लोकांच्या फुटलेल्या नळांच्या भानगडी निस्तरायची, त्यामुळे तिची सहनशक्ती तशी कमावलेली होती. तिने सहन केलं.

पण मग साइमीची नजर सॉनाकडे गेली.

फिनलंडमधल्या तांपेरे शहरात, त्यांच्या जुन्या बिल्डिंगच्या तळघरात सोसायटीचा सॉना होता, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायची खोली, आणि प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास ठरलेला. साइमी आणि कात्रीचा तास शुक्रवारी संध्याकाळी सातचा. हा शुक्रवारचा तास म्हणजे काय चीज असते हे सांगायला हवं. तो मागून मिळत नाही. कुणीतरी घर विकावं लागतं किंवा देवाघरी जावं लागतं, आणि मग लोक आधी दुःख व्यक्त करतात आणि जिना उतरता उतरता हळूच त्या तासाची चौकशी करतात. पण साइमीला त्याच्या मानापानाचं काही नव्हतं. आठवड्यात तो एकच तास असा होता की जिथे आईचा फोन आत येऊ शकत नसे, कारण तो उष्णतेने मेला असता. बाकीचे सगळे दिवस आई ‘हं, बोल’ म्हणायची आणि अंगठा फोनवर फिरत असायचा. सॉनात ती खरंच ऐकायची. साइमीने दहावीचे मार्क, तुटलेली मैत्री, बाबांकडे राहायला जायचं नाहीये हे, सगळं तिथेच सांगितलं होतं, दगडांवर पाणी पडतानाच्या आवाजात.

आणि त्या हिवाळ्यात सॉना बंद व्हायची वेळ आली.

त्याचं असं झालं. सॉनाची शेगडी पेटवणं, ठरल्या वेळी दार उघडणं, नंतर बंद करणं हे सगळं एक प्रोग्रॅम करायचा. तो लिहिला होता पहिल्या मजल्यावरच्या ताइस्तोंनी. ताइस्तो कागदाच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते, आणि ‘माझी मशीन तीस वर्षांत बंद पडली नाही’ हे त्यांचं वाक्य बिल्डिंगमधल्या लहान मुलांनासुद्धा पाठ होतं. हा प्रोग्रॅम मात्र बंद पडत होता. थंडी वाढली तसा शनिवारी सगळ्यात पहिल्या, म्हणजे काउकोंच्या तासाला सॉना गारच राहू लागला. काउको नगरपालिकेच्या मोजणी खात्यात होते, खिशात कायम मोजपट्टी. टॉवेल गुंडाळून, हातात वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या पानांची जुडी घेऊन ते गार दगडांसमोर उभे राहिले. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा ते सरळ वर गेले आणि लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पाचवा विषय आला: सॉना कायमचा बंद करून तिथे सायकली ठेवायची खोली करणे. सुचवणार, काउको.

साइमी जिन्यातच म्हणाली, “प्रोग्रॅम वाईट नाहीये. त्यातली नावं वाईट आहेत.”

हे तिने मनातल्या मनात म्हणायचं होतं. पण वरून सोसायटीच्या चेअरमन गुनवोरबाई उतरत होत्या. गुनवोरबाई स्वीडिश बोलणाऱ्या घरातल्या, ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांच्या कानावर पडलेलं वाक्य हवेत राहत नसे, त्याची नोंद होत असे. त्यांनी विचारलं, की नावं बदलली तर सॉना तापेल का. साइमीने हो म्हटलं. किती वेळ लागेल? एका दुपारचं काम, साइमी म्हणाली. आणि शेजारी उभी असलेली कात्री, जी एरवी फोनमधून मान वर काढत नसे, तिने नेमकी त्याच क्षणी ती वर काढली आणि म्हणाली, “सभेच्या आत साइमी करून देईल. मी शब्द देते.”

झालं. आता तो आईचा शब्द होता.

प्रोग्रॅम उघडला तेव्हा साइमीला घेरीच यायची बाकी होती. त्यात शेगडी नव्हती, दार नव्हतं, तापमान नव्हतं. त्यात कुत्रे होते. मुस्ती, हाल्ली, पेनी, रेक्कू, तुर्रे. ताइस्तोंनी आयुष्यभरात जेवढे कुत्रे पाळले त्या सगळ्यांची नावं त्यांनी मेथडना देऊन टाकली होती, आणि तुर्रे आला की हाल्ली जायचा आणि हाल्ली गेला की मुस्तीला पाठवा, असं पानंच्या पानं चाललेलं.

ती त्यांच्याकडे गेली. ताइस्तोंनी कॉफी ओतली, वेलदोड्याचे बन ठेवले, आणि तिचं म्हणणं ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की जणू तिने त्यांना स्मशानातले दगड उपटायला सांगितलंय.

“त्यात न कळण्यासारखं काय आहे?” ते म्हणाले. “हाल्ली आळशी होता. हाल्ली आला की सगळं शांत. म्हणजे शेगडी विझते.”

“आणि रेक्कू?”

“रेक्कू दारापाशी झोपायचा. त्याला हाक मारली की उठायचा आणि पंजाने दार उघडायचा. पण आत कुणी आंघोळीला असलं तर फक्त आतल्याचं ऐकायचा.”

“म्हणजे दार उघडणं. आणि पेनी?”

पेनीचं नाव निघताच ताइस्तो खुलले. पेनी फार हुशार, ते म्हणाले. त्याला नुसतं सांगायचं, फाटकाशी पाहुणे आलेत का बघून ये, तर तो पाहुण्यांची बाही दातात धरून त्यांना ओढत घरातच घेऊन यायचा. एकदा त्याने पोस्टमनला जेवायला बसवलं होतं. एकदा तर...

“म्हणजे तो बघून येतो,” साइमी लिहिता लिहिता म्हणाली. “सॉना तापलाय का ते. हो किंवा नाही.”

“बघून येतो,” ताइस्तो जरा थांबून म्हणाले, “असंही म्हणता येईल.” आणि त्यांनी तिच्यासमोरची बनची ताटली उचलून आत नेली. गोष्ट अर्धी तोडलेली त्यांना आवडली नव्हती.

साइमीने घरी येऊन मेथड चालवून पाहिल्या. पेनीला विचारलं तर खरंच ‘नाही’ असं उत्तर आलं. बरोबरच होतं, सॉना गार होता. तिने त्याचं नाव बदलून ‘तापलाका’ असं ठेवलं. हाल्लीचं ‘शेगडीविझव’, रेक्कूचं ‘दारउघड’. नेमाने, एकेक. आणि खरोखरच, नावं बदलल्यावर चूक उघडी पडली: शेगडी किती आधी पेटवायची हे ताइस्तोंनी जून महिन्यात ठरवलं होतं आणि मार्चच्या थंडीला तेवढा वेळ पुरत नव्हता. तिने तो वाढवला. एका दुपारचं काम एका दुपारीच झालं. इथे ती थांबली असती तर ही गोष्टही इथेच थांबली असती.

पण सोसायटी म्हणजे सोसायटी. बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरचं पत्र आलं, की प्रोग्रॅममधली नावं ही भागधारकांची सामाईक मालमत्ता असल्याने ती बदलायला कमिटीचा ठराव लागेल, आणि ठराव होईस्तोवर नवी नावं तात्पुरती समजावीत. जिन्यात लोक तिला अडवून मतं देऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं म्हणणं, नावं हवीत कशाला, दातांसारखे नंबर द्या. गुनवोरबाईंनी अतिशय गोड शब्दांत आठवण करून दिली, की या देशाच्या भाषा दोन आहेत आणि ‘शेगडीविझव’ स्वीडिशमध्येही असावं. त्यांच्यासाठी नाही, तत्त्वासाठी. काउकोंनी लेखी कळवलं, की पाचव्या विषयाचा निकाल लागेपर्यंत सॉनात कसलाही बदल करणं म्हणजे सभेवर दबाव आणणं आहे. आणि ताइस्तो? जिन्यात दिसले की टोपीला हात लावायचे आणि पुढे जायचे. पूर्वी ते टोपी काढायचे.

साइमीचा स्वाभिमान त्या टोपीनेच दुखावला. तिने ठरवलं, आता असं काहीतरी करून दाखवायचं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. तिने प्रत्येक घराच्या फोनसाठी एक छोटंसं पान बनवलं. वर ठळक अक्षरात ‘सॉना तापला का?’ आणि खाली हो किंवा नाही, आणि तापमान. पान उघडं असेपर्यंत ते आपण होऊन पुन्हा पुन्हा विचारत राही, म्हणजे कुणाला तळघरात जाऊन गार दगडांसमोर उभं राहायला नको. काउकोंनासुद्धा नको. सभेच्या दिवशी पाचवा विषय निघाला की सगळ्यांना एकदम पान उघडायला सांगायचं, आणि मग बघू या सायकली.

सभा गुरुवारी होती. गुरुवार म्हणजे सॉनाची सुट्टी. शेगडी बंद, दार बंद.

सकाळी कात्रीने सभेसाठी सँडविचचा केक केला: पावाचे थर, मधे साल्मन, वरून सायीचं जाडजूड लेपण, काकडीची फुलं. केक एवढा मोठा झाला की फ्रिजमध्ये मावेना. साइमीनेच तोडगा सुचवला, की सुट्टीच्या दिवशी तळघरात सॉनासारखी गार जागा नाही. तिने स्वतः लॅपटॉपवरून दार उघडून दिलं, केक आणि सभेचं कागदी टेबलपोस आतल्या फळीवर ठेवलं, दार लावलं. तिला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं हे इथे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे बराच वेळ तसं वाटणार नव्हतं.

क्लबरूमही तळघरातच, सॉनाच्या भिंतीला लागून. साइमी आईशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ताइस्तो मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. गुनवोरबाईंनी लाकडी हातोडी आपटली. सगळ्यांच्या मधे एक खुर्ची रिकामी होती, पण तिकडे साइमीचं लक्ष नव्हतं, कारण दुसऱ्या विषयालाच दाताचे डॉक्टर तिच्याकडे वळून कुजबुजले, तुझं ते पान मस्त आहे गं, मी बायकोलाही दाखवलं. मग त्यांच्या बायकोने शेजारणीला दाखवलं. एकेक करत सगळ्या रांगांत फोन उजळले. साइमीने स्वतःचाही उघडला.

सॉना तापला का? नाही. अठरा अंश.

ती हसली. तिसरा विषय जिन्यातल्या रंगाचा होता. रंग करड्याकडे झुकणारा पांढरा असावा की पांढऱ्याकडे झुकणारा करडा, यावर बराच खल झाला. साइमीने सहज फोनकडे पाहिलं.

नाही. एकतीस.

एकतीस? तिला वाटलं क्लबरूममधल्या माणसांची ऊब भिंतीतून जात असेल. मग एकेचाळीस झाले. माणसांची ऊब एवढी नसते, निदान या बिल्डिंगमधल्या माणसांची तरी नसते. तिने लॅपटॉप उघडला आणि ‘शेगडीविझव’ला हाक दिली. शेगडी विझली. तिने सुटकेचा श्वास सोडायच्या आत ती पुन्हा पेटली. पुन्हा विझवली, पुन्हा पेटली. कुणीतरी पेटवत होतं. पण पेटवायला कुणी सांगतच नव्हतं. फक्त फोन विचारत होते, तापला का, तापला का, तापला का.

आणि तिला पोस्टमन आठवला. बाही दातात धरून ओढत घरात आणलेला, जेवायला बसवलेला पोस्टमन.

पेनी बघून येत नव्हता. पेनीला विचारलं तापलाय का, तर नसेल तर तो तापवूनच यायचा. तिने त्याला प्रश्नाचं नाव दिलं होतं, म्हणून सगळ्या बिल्डिंगने त्याला प्रश्न समजून विचारलं, आणि तो बिचारा मिनिटागणिक इमानाने काम करत होता. केक. सायीचं लेपण. पण केकचं काय एवढं, ती मनाशी म्हणाली, गप्प बसून राहू, पाचवा विषय होऊ दे, मग बघू.

तेवढ्यात भिंतीतून ठक ठक आवाज आला.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं आणि पुन्हा खाली. जुनी बिल्डिंग, जुने पाइप. उन्हाळा जवळ आला की ते असेच वाजतात, कुणीतरी म्हणालं. कात्रीनेही व्यावसायिक कान देऊन ऐकलं आणि पाइपच, असं ठरवून टाकलं. ठक ठक ठक. गुनवोरबाईंनी चष्मा नीट केला आणि पाचवा विषय पुकारला.

“सुचवणारे, काउको.”

कुणी उठलं नाही. साइमीने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर काउकोंचा कोट होता, आणि खुर्चीवर सायकलींच्या खोलीचा एक नीटनेटका नकाशा, ज्यात एक माप लिहायचं राहून गेलं होतं.

ते माप घ्यायला काउको कुठे गेले असतील हे समजायला अक्कल लागत नव्हती. सभेआधी साइमीने केक नीट आहे ना ते बघायला दार पुन्हा उघडलं होतं, आणि ती प्लेटा आणायला वर गेली तेव्हा ते थोडा वेळ नुसतं लोटलेलं राहिलं होतं. ते आत गेले आणि मागे दार लागलं. पण आतल्या भिंतीवर बटण होतं, ते दाबलं की... तिने लॅपटॉपवर बोटं फिरवली आणि तिचा हात थांबला. ठरल्या तासांत दार उघडंच असे, त्यामुळे नावं बदलताना भिंतीवरचं ते बटण तिने तपासलंच नव्हतं. त्या बटणाला नव्या नावाचं कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते अजून रेक्कूलाच हाक मारत होतं. काउको बटण दाबत होते, बटण रेक्कूला बोलवत होतं, आणि रेक्कू आता जगात कुठेच नव्हता.

ठक ठक ठक ठक.

“सुचवणारे हजर नाहीत असं दिसतं,” गुनवोरबाई म्हणाल्या. “नियमाप्रमाणे सुचवणारे गैरहजर असतील तर विषय रद्द होतो. मी आणखी थोडं थांबते.” आणि त्यांनी हातोडी उचलून हातात धरली.

साइमीने हिशोब केला. गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. हातोडी खाली आली की सॉना वाचला, शुक्रवारचे सात वाचले, आईचा शब्द वाचला. काउकोंना काही होणार नव्हतं. आत कपडे बदलायची खोली आहे, तिथे गार असतं, बसायला बाक आहे, नळाला पाणी आहे. त्यांना फक्त थोडा उशीर झाला असता. आणि ती उठून बोलली, तर तिच्या तोंडून पूर्ण बिल्डिंगला कळणार होतं, की काउको म्हणत होते ते खरं होतं: या प्रोग्रॅमचा भरवसा नाही, सायकली बऱ्या. तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. फोन पर्समध्ये होता. कधी नव्हे ते, नेमका आत्ता.

साइमी उठली. लॅपटॉप तिने छातीशी धरला.

“ते हजर आहेत,” ती म्हणाली. “ते भिंतीपलीकडे आहेत. मी कोंडलंय त्यांना.”

क्लबरूममध्ये जी शांतता पसरली ती फिन्निश लोकांच्या हिशोबानेही जास्त होती.

मग ती एका दमात बोलली: पेनीबद्दल, नावाबद्दल, प्रश्नाबद्दल, आणि सगळ्यांनी आधी कृपा करून फोन बंद करावेत. सगळ्यांनी ते एका क्षणात केलं, एकही प्रश्न न विचारता. त्या लोकांचं हे तिला नेहमीच आवडायचं. तिने पुन्हा शेगडी विझवली आणि या वेळी ती विझलेली राहिली. दार मात्र बंदच: सॉना तापलेला असला की दारउघड बाहेरच्या हाकेला ओ देत नसे, फक्त आतल्या बटणाला. गुनवोरबाईंनी विचारलं, किल्ली? किल्ली मॅनेजरच्या ऑफिसात, आणि ऑफिस उद्या सकाळी उघडणार. दाताचे डॉक्टर म्हणाले, दार तोडू या. गुनवोरबाई म्हणाल्या, सामाईक मालमत्ता तोडायला ठराव लागतो, कोण मांडतं? डॉक्टरांनी मांडला. अनुमोदन कोण देणार यावर पुढच्या रांगेतल्या दोन बहिणींचं आपसात हळू आवाजात सुरू झालं.

मागच्या रांगेतून ताइस्तो बोलले. त्या संध्याकाळचं त्यांचं ते पहिलंच वाक्य.

“रेक्कू हाक मारल्याशिवाय यायचा नाही,” ते म्हणाले. “पण हाक मारली की यायचाच.”

“मला माहीत आहे,” साइमी म्हणाली. “मी त्याचं नाव पुसलं. चुकलं माझं. तुमची पेनीची गोष्टही मी अर्धी तोडली.”

ताइस्तो उठले, तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. “मग लिही,” ते म्हणाले.

तिने एकच ओळ लिहिली: कुणी रेक्कूला हाक मारली तर ती हाक दारउघडपर्यंत पोचव. बाईंच्या फळ्यावरच्या कुठल्याच नियमात ही ओळ बसत नव्हती. तिने ती ठेवून दिली आणि भिंतीवर हाताने ठक ठक केलं. “काउको,” ती ओरडली, “पुन्हा बटण दाबा.”

काहीच झालं नाही. कात्रीचा हात साइमीच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. मग पलीकडे दाराचा तो ओळखीचा खट आवाज झाला, आणि तळघरातून अनवाणी पावलं येऊ लागली.

काउको दारात उभे राहिले. ते उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले होते. अंगाला सभेचं कागदी टेबलपोस गुंडाळलेलं, ज्यावर सोसायटीचं नाव छापलेलं होतं. केस ओले. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात सँडविचच्या केकचा एक तुकडा, साल्मनच्या बाजूचा. त्यांनी तिथेच उभं राहून एक लांब श्वास सोडला, जो फक्त चांगल्या वाफेनंतरच येतो, आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाने ओळखलं. मग ते आपल्या खुर्चीपाशी आले, नकाशा उचलला आणि कोटाला टेकून बसले.

गुनवोरबाईंनी हातोडी अजून धरलेलीच होती. “पाचवा विषय,” त्या म्हणाल्या. “सुचवणारे आता हजर आहेत. काउको, तुम्ही विषय मांडता का?”

साइमीने डोळे मिटून घेतले.

काउकोंनी नकाशातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग मोजपट्टी गुंडाळून टेबलावर ठेवली.

“मी माप घेतलं,” ते म्हणाले. “सायकली मावत नाहीत.”

त्या खोलीत चाळीस सायकली मावल्या असत्या आणि वर एक होडी ठेवायलाही जागा उरली असती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुनवोरबाईंनी नोंद करून घेतली आणि हातोडी आपटली. सहाव्या विषयाला काउकोंनी फक्त एवढंच विचारलं, की गुरुवारी सॉनाची सुट्टी असणं कायद्याने बंधनकारक आहे का. आणि कॉफीच्या वेळी कात्रीपाशी येऊन म्हणाले, केक गरमच जास्त चांगला लागतो.

साइमीने नंतर पेनीचे दोन केले. एक नुसतं विचारतो, एक नुसतं पेटवतो, आणि दोघांच्या नावात ते जे करतात तेच लिहिलंय. रेक्कूची ओळ मात्र तशीच ठेवली. कमिटीने तिला तात्पुरती मान्यता दिली, म्हणजे ती आता कायम राहणार.

पुढच्या शुक्रवारी सात वाजता ती आणि आई सॉनात बसल्या होत्या. बाहेर रस्त्यावर हिवाळ्यात बर्फावरून घसरू नये म्हणून टाकलेली खडी झाडायची गाडी घरघरत चालली होती.

“ताइस्तोंनी प्रोग्रॅममध्ये एक नवीन मेथड घातलीय,” साइमी म्हणाली. “मला न विचारता. आणि तिचं नाव त्यांनी साइमी ठेवलंय. कुत्र्यासारखं, रेक्कूच्या ओळीच्या बरोबर खाली. सांग बघ आता. मेथडच्या नावात काम दिसायला पाहिजे.”

“करते काय ती?”

“दर शुक्रवारी सगळ्या घरांना त्यांच्या तासाची आठवण करते. कुणी विचारलेलं नसतं. कुणी उत्तर दिलं नाही तर पुन्हा करते. उत्तर देईपर्यंत करते.”

“आणि ती बंद कशी करायची?”

“बंद करायची सोयच ठेवली नाहीये त्यांनी.”

कात्रीने लाकडी डावाने पाणी घेतलं आणि दगडांवर ओतलं. वाफ छतापर्यंत गेली आणि दोघींच्या खांद्यांवर उतरली.

“मग दिसतंय की नावात,” ती म्हणाली.